कॅलेथिया, अँथुरियम, मॉन्स्टेरा: पानांच्या कडा पुन्हा पुन्हा करपत असतील तर

वर्षावनातून घरात आलेल्या झाडांची एक तक्रार सतत येते. पानाचा शेंडा वाळतो, मग कड तपकिरी होते, ते पान कापलं की पुढचं पानही महिनाभरात त्याच वाटेला लागतं. बहुतेक जण यावर काहीतरी वाढवतात: जास्त पाणी, जास्त खत, दिवसातून चार वेळा पाण्याचा फवारा. नेमकं त्यानेच दुखणं लांबतं, कारण कड करपण्याची निदान सहा वेगळी कारणं आहेत आणि त्यातल्या काहींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून आधी लक्षणं बघायची आणि मगच हात लावायचा.

लक्षणं

पान उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहा. डाग कुठल्या पानांवर आहे, जुन्या की नव्या, आणि पानाच्या कुठल्या भागात आहे, हे आधी ठरवा.

- शेंडा आणि कडा कोरड्या, कुरकुरीत; तपकिरी आणि हिरव्याच्या मध्ये बारीक पिवळी रेघ: बहुधा पाण्यातले किंवा खताचे क्षार.
- कडा कुरकुरीत, पान आतल्या बाजूला गुंडाळलेलं, नवीन पान उलगडताना अडकतं किंवा फाटतं: कोरडी हवा, किंवा माती मधूनमधून पूर्ण वाळते.
- डाग गडद, मऊ, ओलसर. खालची पानं पिवळी. माती ओली असूनही झाड मलूल: मुळं कुजताहेत.
- पानाच्या मधोमध फिकट, कागदासारखा चट्टा आणि तोही फक्त खिडकीकडच्या बाजूला: थेट ऊन.
- सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके, किंवा चंदेरी ओरखडे आणि त्यावर काळे कण: कीड.
- एका रात्रीत बऱ्याच पानांवर काळपट, भिजल्यासारखे चट्टे: थंडी.

करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. त्यामुळे उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानावरून कळत नाही, पुढचं पान कसं येतं त्यावरून कळतं. कॅलेथिया आणि मरांटा जोमात असतील तर दोन-तीन आठवड्यांत नवं पान देतात, अँथुरियमला दीड-दोन महिने लागू शकतात. तोवर एका वेळी एकच गोष्ट बदला. पाणी, जागा आणि खत एकदम बदललं, तर झाड सुधारलं तरी कशामुळे ते समजणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

कडच का करपते

मुळांनी ओढलेलं पाणी शिरांमधून जात जात शेंड्याशी आणि कडेशी संपतं. तिथे पाण्याची वाफ होते, त्यात विरघळलेले क्षार मात्र तिथेच राहतात. ॲलोकेशियाच्या किंवा मॉन्स्टेराच्या पानाच्या टोकाला सकाळी पाण्याचा थेंब लोंबताना दिसतो. तो दव नसतो, झाडाने आतून बाहेर टाकलेलं पाणी असतं. तो थेंब वाळल्यावर मागे पांढरट डाग राहिला, तर तुमच्या पाण्यात किंवा मातीत क्षार जास्त असल्याची ती एक खूण असू शकते.

दुसरी बाजूही आहे. पाणी कमी पडायला लागलं की सगळ्यात आधी कडेलाच तुटवडा होतो. माती वाळली तरी, मुळं कुजून पाणी ओढेनाशी झाली तरी, हवा कोरडी असली तरी पानावर दिसणारं चित्र जवळपास सारखंच असतं. म्हणून खालचा क्रम पाळा. पहिल्या चार तपासण्यांना काहीच खर्च नाही.

१. बोट आणि वजन

बोट दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे साधारण ४ ते ५ सेंटिमीटर, मातीत घाला. वरचा थर बघून ठरवू नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वरून कोरडं दिसतं आणि खाली चिखल असतो. उलटंही होतं: एकदा पूर्ण वाळलेलं कोकोपीट पाणी शोषत नाही, पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली निघून जातं आणि मुळांचा गोळा आत कोरडाच राहतो. पाणी घातल्याबरोबर काही क्षणांत ताटलीत उतरत असेल, तर हाच प्रकार आहे. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात निम्म्या उंचीपर्यंत बुडवून ठेवा, मग पूर्ण निथळू द्या.

भरपूर पाणी घालून निथळल्यानंतर कुंडी उचलून तिचं वजन हाताला ओळखीचं करून घ्या, वजनकाटा असेल तर नोंदवून ठेवा. तीन दिवसांनी पुन्हा उचला. आठवडा झाला तरी वजन फारसं उतरलं नसेल, तर झाड पाणी पीत नाही. अशा झाडाला आणखी पाणी घालणं थांबवा आणि खाली मुळांच्या तपासणीकडे जा.

कॅलेथिया, मरांटा आणि नेचे यांना वरची २ सेंटिमीटर माती सुकली की पाणी लागतं. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम यांच्या मुळांना हवा जास्त लागते. वरचा एक तृतीयांश भाग सुकू द्या. ठरलेल्या वारी पाणी घालण्याची सवय मात्र सोडा. ढगाळ आठवड्यात झाडाची गरज निम्म्यावर येते, वार तोच राहतो.

२. कुंडीचा तळ

भोकं उघडी आहेत का, आणि शोभेच्या बाहेरच्या कुंडीत पाणी साचलंय का, हे पाहा. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ताटली रिकामी करा. पाण्याने भरलेल्या पोकळ्यांमध्ये प्राणवायू फार सावकाश पोहोचतो. मुळं गुदमरतात आणि मग पिथियमसारख्या पाण्यात फोफावणाऱ्या रोगजंतूंना वाट मोकळी होते.

तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घातल्याने निचरा सुधारतो हा समज फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. बारीक मिश्रणाच्या सगळ्यात खालच्या थरात पाणी अडकून राहतंच. ते जाड खड्यांमध्ये सहज उतरत नाही, आधी वरचं मिश्रण पूर्ण भिजावं लागतं. खडे घातले की तोच ओला थर उचलला जाऊन मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरतो.

३. जागा आणि उजेड

करपलेल्या कडांचा उजेडाशी काय संबंध, असं वाटेल. संबंध पाण्यामार्फत आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात झाड पाणी कमी पितं, माती दहा-दहा दिवस ओली राहते आणि मुळं कुजतात.

वर्षावनाच्या तळाशी वरच्या उजेडाचा जेमतेम १ ते २ टक्के भाग पोहोचतो, हे खरं आहे. पण भर उन्हाचा उजेड सुमारे १,००,००० लक्स (उजेड मोजण्याचं एकक) असतो. त्याचे १ ते २ टक्के म्हणजे १,००० ते २,००० लक्स, तेही वर्षभर जवळपास १२ तास. खिडकीपासून ३ मीटर आत बऱ्याच खोल्यांत ५०० लक्ससुद्धा भरत नाहीत. म्हणजे ‘सावलीतलं झाड’ म्हणून आत ठेवलेलं झाड प्रत्यक्षात जंगलापेक्षा जास्त अंधारात असतं. फोनवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपने दुपारी पानाच्या उंचीवर मोजा; अचूक नसलं तरी अंदाज येतो. कॅलेथिया, ॲग्लोनिमा यांना २,००० च्या पुढे, मॉन्स्टेरा आणि अँथुरियमला ५,००० ते १५,००० लक्स मिळाले तर वाढ चांगली होते. कमी पडत असेल तर झाडापासून ३० ते ४० सेंटिमीटरवर पांढरा एलईडी दिवा १२ तास लावा. थेट ऊन मात्र सकाळचं कोवळंच हवं. दुपारचं ऊन कॅलेथियाचं पान एका दिवसात भाजतं.

त्याच फेरीत वारा कुठून लागतो तेही पाहा. एसीचा झोत, पंख्याखालची जागा, हीटर, रात्री उघडी राहणारी खिडकी. यातली बहुतेक झाडं १८ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये खुशीत असतात. १२ अंशांच्या खाली पेशींची पटलं बिघडतात आणि पानं भिजल्यासारखी काळी पडतात. ॲग्लोनिमाला तर १५ च्या खालीच त्रास सुरू होतो.

४. पांढरा कागद

पानाखाली पांढरा कागद धरा आणि पानावर टिचकी मारा. मिनिटभर कागदाकडे टक लावून पाहा. पडलेला कण चालायला लागला, तर तो लाल कोळी. बोटाने फासल्यावर तांबूस-हिरवट रेघ उठते. पानामागे देठाजवळ बारीक जाळीही दिसेल. कोरड्या, गरम हवेत कोळी झपाट्याने वाढतो, त्यामुळे कोळी आणि कोरडी हवा बऱ्याचदा जोडीने सापडतात आणि कड का करपली याचं खापर नुसत्या हवेवर फुटतं.

झाड वेगळं ठेवा. पानांची मागची बाजू पाण्याच्या धारेने धुवा. बरेच कोळी तिथेच जातात. मग १ लिटर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि १ ते २ मिलिलिटर सौम्य द्रव साबण घोळून, एका पानावर आधी आजमावून, संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलं तर तेलानेच पान भाजतं. दर ५ दिवसांनी निदान तीन वेळा फवारणी हवी, कारण अंडी वाचतात आणि गरम हवेत काही दिवसांतच फुटतात. एकदा फवारून सोडून देणं हेच कीड परत येण्याचं मुख्य कारण. फुलकिडे असतील (चंदेरी ओरखडे, काळी विष्ठा) तर आणखी चिकाटी लागते, कारण त्यांचा कोष मातीत असतो.

५. पाणी आणि क्षार

पिवळ्या रेघेची तपकिरी कड, कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरा थर, आणि बाकी झाड ठीक: इथे पाण्याची तपासणी करा. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) स्वस्त असतो आणि पाण्यात बुडवला की पीपीएममध्ये, म्हणजे दर दहा लाख भागांत किती, असा आकडा देतो. १५० पीपीएमपर्यंत काळजी नाही. १५० ते ३०० मध्ये मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन चालवून घेतात, पण कॅलेथियाचे शेंडे वाळू लागतात. ३०० च्या वर पाणी बदला किंवा पातळ करा.

जंगलातल्या झाडांना मिळतं ते पावसाचं पाणी, ज्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस मुळांपाशी काही साचूच देत नाही. कुंडीत मात्र दर पाण्यासोबत थोडे क्षार येतात आणि वाफ झाल्यावर मागेच राहतात.

पाणी रात्रभर उघडं ठेवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने साधा क्लोरीन उडून जातो. क्षार, फ्लोराइड आणि क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं टिकाऊ संयुग) तसेच राहतात. उकळल्यानेही उपयोग होत नाही. पाणी आटतं आणि बरेचसे क्षार आणखी दाट होतात. फ्लोराइडचा त्रास विशेषतः कॅलेथिया, मरांटा, ड्रॅसिना आणि पीस लिली यांना होतो, आणि तो टीडीएसच्या आकड्यात वेगळा दिसत नाही. आकडा कमी असूनही या झाडांचे शेंडे वाळत असतील, तर महिना-दोन महिने पावसाचं किंवा आरओचं पाणी देऊन पाहा. पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून आलेलं पाणी मात्र देऊच नका. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. निव्वळ आरओच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नसतं, म्हणून तीन भाग आरओ आणि एक भाग नळाचं असं मिश्रण ठेवा.

साचलेले क्षार धुण्यासाठी कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी लागतं: ५ लिटरच्या कुंडीला १० लिटर. एकदम ओतू नका. तीन-चार हप्त्यांत, मधे दहा-दहा मिनिटं थांबून घाला म्हणजे क्षार विरघळायला वेळ मिळेल. शेवटी खालून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस वरून घातलेल्या पाण्याच्या जवळ आला की धुणं पूर्ण झालं. कुंडीचा निचरा वाईट असेल तर आधी तो सुधारा, नाहीतर हे धुणं मुळांच्या मुळावर येईल.

६. हवेतली आर्द्रता

इथे खर्च वाढू लागतो, म्हणून आधी हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवून दोन दिवस आकडे पाहा. २५ अंशांना ८० टक्के आर्द्रता असेल तर हवेची पानातून पाणी ओढण्याची ताकद सुमारे ०.६ किलोपास्कल असते. ५० टक्क्यांवर तीच सुमारे १.६ होते, म्हणजे अडीच पट. मुळं तेवढं पाणी पुरवू शकली नाहीत की कड वाळते. मॉन्स्टेरा ५० टक्क्यांत निभावतो. कॅलेथिया, मखमली पानांचे अँथुरियम आणि बरेच ॲलोकेशिया यांना ६० ते ७० लागते.

फवाऱ्याने आर्द्रता काही मिनिटांपुरती वाढते. शिवाय पानांच्या बेचक्यात पाणी साचून जिवाणूंना जागा मिळते ते वेगळंच. खड्यांच्या ताटलीनेही फार फरक पडत नाही. झाडं जवळजवळ ठेवणं, काचेच्या कपाटात किंवा पारदर्शक डब्यात ठेवणं, किंवा ह्युमिडिफायर (हवेत बाष्प सोडणारं यंत्र), हे तीनच उपाय आकडा खरोखर हलवतात. ह्युमिडिफायरमध्ये कमी क्षारांचं पाणी घाला, नाहीतर पानांवर पांढरी भुकटी बसते. आणि हवा हलती ठेवा. साचलेल्या दमट हवेत बुरशी येते.

७. खत

कडा करपताना खत घालू नका. कारण ठरल्यावरच विचार करा. जुनं पान सगळंच फिकट पिवळं पडत असेल तर नत्र कमी, जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी, तेच चित्र सगळ्यात नव्या पानावर असेल तर लोह अडकलंय. लोह बहुधा मातीत असतंच, पण सामू (पीएच) ६.५ च्या वर गेला की झाडाला घेता येत नाही. कठीण पाण्याने हळूहळू तसं होतं. वाढीच्या काळात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, ओल्या मातीत. एवढं पुरेसं आहे.

८. मुळं उघडून पाहणं

हा शेवटचा उपाय, कारण कुंडीतून काढल्याने बारीक मुळं तुटतातच. पण वजन उतरत नसेल, मातीला आंबूस वास असेल, खोड हलतं असेल तर थांबू नका. हातमोजे घाला: अँथुरियम, मॉन्स्टेरा, ॲलोकेशिया यांच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात, त्याने कातडी आणि डोळे झोंबतात.

माती झाडून मुळं साध्या पाण्याने धुवा. निरोगी मूळ पांढरं किंवा पिवळसर आणि टणक असतं. शंका असलेलं मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा. कुजलेल्या मुळाचं साल मोज्यासारखं निघून हातात येतं आणि मागे नुसता दोरा उरतो. असं प्रत्येक मूळ टणक भागापर्यंत कापा. कात्री ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, झाडागणिक पुन्हा पुसा.

नवं मिश्रण मापाने करा. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अँथुरियमसाठी: कोकोपीट ३ भाग, १ ते २ सेंटिमीटरचे झाडाच्या सालीचे तुकडे ३, पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खनिज दाणे) २, गांडूळखत १, कोळशाचे बारीक तुकडे १. ही झाडं मुळात दुसऱ्या झाडांवर चढणारी किंवा त्यांच्यावरच वाढणारी. त्यांची मुळं पालापाचोळा, शेवाळ आणि हवा यांच्यात राहतात, भरीव मातीत नाही. जमिनीवरच्या कॅलेथिया-मरांटासाठी: कोकोपीट ५, पर्लाइट ३, बारीक साल १, गांडूळखत १. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांत भिजवून पिळून घ्या. त्यात सोडियम-पोटॅशियमचे क्षार राहिलेले असतात आणि नव्या मातीतही कडा करपण्याचं ते एक लपलेलं कारण आहे.

कुंडी उरलेल्या मुळांच्या गोळ्यापेक्षा २ ते ३ सेंटिमीटरच रुंद घ्या, मग ती जुन्यापेक्षा लहान आली तरी चालेल. मोठ्या कुंडीतलं जास्तीचं मिश्रण ओलं राहून पुन्हा तेच घडवतं. एक तृतीयांशाहून जास्त मुळं कापली असतील तर झाड दोन-तीन आठवडे पारदर्शक पिशवीत किंवा डब्यात, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. खत महिना-दीड महिना नाही.

कुठे थांबायचं

डाग पाणीदार, भोवती पिवळं वलय, दोन-तीन दिवसांत डोळ्यांदेखत पसरतो, किंवा देठ चिकट होऊन घाण वास येतो: हा जिवाणूंचा रोग आहे. अँथुरियममध्ये तो बऱ्याचदा पानाच्या कडेवरच्या सूक्ष्म छिद्रांतून शिरतो आणि कडेपासून आत इंग्रजी ‘व्ही’ आकाराची पिवळी-तपकिरी पाचर दिसते. बुरशीनाशक इथे काम करत नाही. झाड वेगळं काढा, फवारा बंद करा, त्याच्या फांद्या कोणाला देऊ नका आणि नमुना वनस्पती रोगतज्ज्ञाला दाखवा. जिवाणू खोडात पोहोचले असतील तर झाड नष्ट करण्याचाच सल्ला मिळेल आणि तो मानावा. शेजारची झाडं त्यानेच वाचतात.

नव्या पानांवर फिकट-गडद हिरव्याची नक्षी आणि पान वेडंवाकडं येत असेल, आणि फुलकिडे वगैरे काही सापडत नसेल, तर विषाणूची तपासणी प्रयोगशाळेतच होते. घरी उपाय नाही. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

वेगवेगळ्या जातींची चार-पाच झाडं एकाच महिन्यात करपायला लागली आणि वरच्या आठही तपासण्यांत काही निघालं नाही, तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. सोडियम, क्लोराइड, फ्लोराइड, बोरॉन आणि सामू हे पाच आकडे मागा. मुलाने किंवा पाळीव प्राण्याने पान चावलं आणि तोंड सुजलं, लाळ गळू लागली किंवा गिळताना त्रास झाला, तर तोंड पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर किंवा पशुवैद्य गाठा आणि पानाचा तुकडा सोबत न्या.